केल्टिक कलर्सला पहिल्यांदा जाताय? आधी नकाशा उघडा

केल्टिक कलर्स म्हणजे दर ऑक्टोबरात केप ब्रेटन बेटावर भरणारा, स्कॉटिश-आयरिश वळणाच्या संगीताचा आणि फिडलचा (म्हणजे व्हायोलिनचा) महोत्सव. सुरुवात विमानाच्या तिकिटापासून. तुम्हाला जायचंय ते सिडनी कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावर आहे. विमानतळाचा कोड वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं ऑपेरा हाऊस बघायच्या तयारीने इथे उतरल्याच्या बातम्या खऱ्या आहेत, तेव्हा हसू नका, कोड तपासा. हॅलिफॅक्सला उतरून रस्त्याने यायचं तर साधारण चारशे किलोमीटर, साडेचार तास. वाटेत कॅन्सो कॉजवे लागतो. समुद्रात दगडांचा भराव घालून केलेला हा जेमतेम दीड किलोमीटरचा रस्ता १९५५ साली खुला झाला. तो संपला की बेट सुरू.

मी मूळची मिरजेची. शिकायला म्हणून इथल्या केप ब्रेटन विद्यापीठात आले, ती राहिलेच. भारतातून आलेली पोरं इथे शेकड्यांनी आहेत, त्यांत मराठीही बरीच. दर ऑक्टोबरात कोणीतरी विचारतंच, "ते फिडलवाल्यांचं काय असतं गं, जायचं का?" टोरोंटोहून, न्यू जर्सीहून ओळखीची माणसंही विचारतात. तेच तेच सांगून झाल्यावर म्हटलं, एकदा नीट लिहून टाकावं.

उच्चाराचंही आत्ताच सांगते. फुटबॉलच्या त्या प्रसिद्ध संघाला सेल्टिक म्हणतात, इथे मात्र केल्टिक.

महोत्सव १९९७ साली सुरू झाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कॅनडाचा थँक्सगिव्हिंग असतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पडदा उघडतो आणि नऊ दिवस चालतो. मेपलची पानं लाल-केशरी होण्याचा मोसम तोच, नावातले रंग तिथून आले. स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्समधलं ब्रिटनी अशा ठिकाणांहून कलाकार येतात, पण कणा या बेटाचाच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून हजारो कुटुंबं इथे येऊन वसली. कोणी जमिनीवरून हुसकलं गेल्यामुळे, कोणी नव्या जमिनीच्या आशेने. गेलिक भाषा, गाणी आणि फिडल ही त्यांची शिदोरी.

मंडप शोधू नका

सवाई गंधर्वची सवय असलेल्या माणसाची इथे पहिली फसगत होते. सवाईत एक मंडप, एक रंगमंच. बैठक मारली की झालं, कलाकार आपल्यापुढे येतात. इथे उलटं. एकाच संध्याकाळी बेटाच्या चार-सहा गावांत वेगवेगळे कार्यक्रम असतात. कुठे चर्चमध्ये, कुठे शाळेत, कुठे गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा तिकिटं घेण्याआधी नकाशा समोर ठेवा.

मी पहिल्या वर्षी ठेवला नव्हता. दुपारी शेतिकाँपला एक कार्यक्रम आणि संध्याकाळी लुईबर्गला दुसरा, अशी दोन तिकिटं हौसेने काढली. एक बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसरं पूर्व टोकाला. मधे दोनशेच्या आसपास किलोमीटर आणि डोंगरातली वळणं. लुईबर्गला पोचले तेव्हा मध्यंतराचा चहा चालला होता. दारावरच्या काकूंनी तिकीट फाडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता बिस्किटांची बशी पुढे केली.

म्हणून सांगते, नऊ दिवसांत सगळं बेट ऐकायचा हट्ट सोडा. मुक्कामाचा एक कोपरा निवडा आणि तासाभराच्या अंतरातलेच कार्यक्रम घ्या. तीन पर्याय धरा. सिडनी शहर आहे. हॉटेलं जास्त, बस आहे, किराणा आहे. धक्क्यावर साठ फूट उंचीचं अवाढव्य फिडल उभं आहे, तिथे फोटो काढाच, सगळेच काढतात. बॅडेक हे गाव बेटाच्या मध्याच्या जवळ, ब्रास डोर सरोवराच्या काठी. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचं घर इथलं. इथून कुठेही जायला बरं पडतं, म्हणून खोल्या सगळ्यात आधी इथल्याच संपतात. तिसरा कोपरा पश्चिमेचा: जुडीक, माबू, इन्व्हरनेस. संगीतासाठी येत असाल तर डोळे झाकून हा निवडा. फिडलवादक नॅटली मॅकमास्टर ट्रॉयची, अ‍ॅशली मॅकआयझॅक हा फिडलवादक क्रेनिशचा, गाणारं रँकिन कुटुंब माबूचं. एकाच किनाऱ्यावरची ही गावं, गाडीने दीड तासात पालथी घालता येतील अशी.

खोली आधी, तिकीट मग. हा क्रम उलटा केलात तर पंचाईत होते, कारण खोल्या मोजक्या आणि पानं बघायला येणाऱ्यांची गर्दीही याच आठवड्यात. कार्यक्रमपत्रिका उन्हाळ्यात जाहीर होते. त्या आधीच, रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा.

तिकीट कशाचं घ्यायचं

एका कार्यक्रमात सहसा तीन-चार कलाकार किंवा गट असतात. प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ आणि शेवटी सगळे एकत्र मंचावर. त्यामुळे पोस्टरवरच्या मोठ्या नावामागे धावण्यात फारसा अर्थ नाही. मोठ्या सभागृहातलं मोठं नाव तुम्हाला हॅलिफॅक्सला, टोरोंटोलाही ऐकता येईल. दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चौथ्या रांगेत बसून वादकाच्या गजावरची राळ उडताना दिसते, ते तिथे मिळणार नाही.

माझा हिशेब असा: एक मोठा कार्यक्रम, उद्घाटनाचा किंवा समारोपाचा, दोन लहान गावांतले, एक गेलिक गाण्यांचा, आणि एक नाच. चार-पाच दिवसांच्या मुक्कामाला इतकं पुष्कळ होतं. दिवसा गावागावांत चहापान, कार्यशाळा, रानातल्या सहली, विणकामाची प्रात्यक्षिकं असतात. त्यांतली बरीचशी स्वस्त, काही फुकट. तिथे रोख पैसे बरोबर असू द्या.

आणि शेतिकाँप किंवा एस्कसोनीच्या बाजूचा एखादा कार्यक्रम जमला तर घ्याच. शेतिकाँप फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांचं, एस्कसोनी मिगमाँ या इथल्या मूळ रहिवाशांचं. ते या बेटाला उनमागी म्हणतात. फिडल दोघांनीही आपलंसं केलं. एस्कसोनीचे ली क्रेमो (१९३८–१९९९) या बेटाच्या नामवंत फिडलवादकांत मोडतात. 'केल्टिक' हे नाव पुढे असलं तरी बेट एकट्या स्कॉटिशांचं नाही, हे इथल्या मंचावर दिसतं.

कान कसा लावायचा

इथे जरा थांबते, कारण पहिल्या दिवशी बहुतेक जण हेच म्हणतात: "छान आहे, पण सगळं सारखंच वाटतं." मलाही वाटलं होतं.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच. फरक वाजवण्यात. आपल्याकडे व्हायोलिन गळ्याच्या मागे जातं, गायकी अंग म्हणतो आपण. इथे ते पायांच्या मागे जातं. हे संगीत नाचासाठी घडलं आहे, म्हणून गज लांबलचक ओढण्यापेक्षा छोट्या, जोरकस फटक्यांनी चालतो आणि प्रत्येक फटक्यात जमिनीवर पडणारं पाऊल असतं. वादकाच्या बोटांकडे नंतर बघा, आधी बुटाकडे बघा. टाच लाकडी फळीवर इतकी ठामपणे आपटत असते की वेगळ्या ढोलाची गरजच पडत नाही.

साथ पियानोची. ठेकाही तोच धरतो आणि सूरही तोच भरतो. डावा हात खालच्या पट्ट्यांवर पायऱ्या चढत-उतरत असतो, उजवा मधल्या मोकळ्या जागा हेरून टप टप आघात टाकतो. फिडलवाला पुढे बसलेला असतो, टाळ्या त्याला मिळतात. पण एक पूर्ण सेट फक्त पियानोवर कान ठेवून ऐकून बघा. मला हे संगीत कळायला लागलं ते तिथून.

सेट म्हणजे न थांबता एकामागून एक वाजवलेल्या धुनांची माळ. बहुधा सुरुवात संथ धुनेने किंवा मार्चने, मग स्ट्रॅथस्पे, शेवटी रील. स्ट्रॅथस्पे मध्यम लयीचा, चार मात्रांचा, त्यात एक झटका असतो: आखूड स्वर आधी, लांब नंतर, उचकी लागल्यासारखा. हा झटका एकदा ओळखता आला की निम्मं काम झालं. रील वेगवान, सरळ धावणारा. जिग सहा मात्रांचा, तीन-तीन असा. दादऱ्याला सरावलेला हात आपोआप मांडीवर पडतो. प्रत्येक धुनेचे दोन भाग. पहिला खालच्या सुरांतला, दुसरा वरच्या, आणि दोन्ही दोन-दोनदा वाजतात. इथले लोक त्यांना लो टर्न आणि हाय टर्न म्हणतात. अस्ताई-अंतऱ्यावर वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

मिरजेच्या कानाला सगळ्यात सुखावलेली गोष्ट वेगळीच. एका सेटमध्ये सहसा षड्ज हलत नाही. धून बदलते, लय बदलते, सा तोच. थाट मात्र सरकतो. बिलावलात चाललंय म्हणावं तोच पुढच्या धुनेत कोमल निषाद येतो आणि खमाज डोकावतो. कोणी तानपुरा लावलेला नसतो, पण मला तो ऐकू येतो.

आलाप, विस्तार, उपज शोधू नका. इथे धून मोडायची नसते. कौशल्य असतं ते गजाच्या 'कट'मध्ये, म्हणजे एका स्वराच्या जागी झटकन काढलेल्या तीन बारीक स्वरांत, आणि बॅगपाइपची आठवण करून देणाऱ्या कणस्वरांत. तीच धून जुडीकचा माणूस वाजवेल आणि स्कॉटलंडहून आलेला वाजवेल, एकाच कार्यक्रमात. तो फरक ऐकायला मिळणं, तिकिटाचे पैसे तिथे वसूल होतात.

स्ट्रॅथस्पेवरून रीलवर जाण्याच्या क्षणी हॉलमध्ये हमखास एखादी आरोळी उठते. आपली 'क्या बात है' समजा. ती द्यायला परवानगी लागत नाही. सुरुवातीपासून टाळ्यांचा ठेका धरण्याची घाई मात्र करू नका. लय वाढते, आपण मागे पडतो आणि पियानोवाली बिचारी हसतमुखाने सोसते.

ही परंपरा आपोआप टिकली असंही समजू नका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने एक माहितीपट दाखवला. सूर असा की केप ब्रेटनचा फिडलवादक आता नामशेष होत चालला. बेटाला ते झोंबलं. १९७३ साली ग्लेनडेल गावी मेळावा भरवला, शंभरावर फिडलवादक एका मंचावर उभे केले आणि पोरांना शिकवायचे वर्ग सुरू झाले. बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४) हे त्यातलं मोठं नाव. आयुष्यभर रेल्वेत स्टेशनवर नोकरी केली आणि रात्री नाचांना वाजवलं. पुढे तर गंमतच झाली. पायांचा जो नाच स्कॉटलंडमध्ये जवळपास विसरला गेला होता, तो तिकडच्या लोकांनी केप ब्रेटनच्या माणसांकडून परत शिकून घेतला.

गाणं आणि घोंगडं

पत्रिकेत 'मिलिंग फ्रॉलिक' दिसलं तर जा. लांब टेबलाभोवती माणसं बसतात, ओलं जाड लोकरी कापड सगळ्यांच्या हातात, आणि ते टेबलावर आपटत आपटत फिरवायचं. एक जण गेलिक ओळ म्हणतो, धृपद सगळे उचलतात. पूर्वी मागावरून उतरलेलं लोकरी कापड आटवून दाट करायचं हे खरंच काम होतं. आता काम उरलं नाही, गाणं उरलं. जातं गेलं आणि ओव्या राहिल्या, त्यातलीच गोष्ट. आपल्याकडे घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात हे मी शेजारी बसलेल्या आजोबांना सांगितलं, तर त्यांनी चिंच म्हणजे काय इथपासून सुरुवात केली आणि आमची दोन गाणी हुकली.

भाषा येत नाही म्हणून मागे बसू नका. धृपद तिसऱ्या फेरीला तोंडात बसतं आणि रिकाम्या खुर्चीवर तुम्हाला ओढून बसवलं जातंच. 'तापा लेव' म्हणजे आभार. इतकं गेलिक पुरतं.

नाच चुकवू नका

लाजू नका, असं लिहिणं सोपं आहे. मी पहिले दोन नाच भिंतीला टेकून काढले.

गावच्या हॉलमधला नाच म्हणजे स्क्वेअर सेट. जोड्या गोलात उभ्या राहतात. माबूच्या बाजूला एका सेटचे तीन भाग: पहिले दोन जिगवर, तिसरा रीलवर. पुकारून सांगणारा कोणी नसतो, सगळ्यांना येतं असं गृहीत असतं. नवख्याने करायचं इतकंच: पहिला सेट बघायचा, दुसऱ्याला एखाद्या वयस्क माणसाला "मला येत नाही" म्हणून सांगायचं. ते हात धरतात आणि योग्य दिशेला ढकलतात. चुकलात तर पुढचा हात तुम्हाला पकडतोच. बूट गुळगुळीत तळव्याचे घाला. रबरी सोलचे घालून गोल फिरताना गुडघा बोलतो.

मधेच फिडलवाला स्ट्रॅथस्पे धरतो, मैदान रिकामं होतं आणि एकेक जण स्टेप डान्ससाठी पुढे येतो. हात बाजूला सैल, अंग सरळ, चेहऱ्यावर काही नाही. सगळं घोट्याखाली चाललेलं. पाऊल जमिनीपासून वीतभरही वर जात नाही. एकदा सत्तरीच्या पुढच्या एक बाई पर्स खुर्चीवर ठेवून उठल्या, अर्धा मिनिट नाचल्या, परत येऊन पर्स मांडीवर घेतली आणि चहा संपवला. आपली लावणी साऱ्या अंगाने बोलते. इथे बोलायचं ते फक्त फळीशी.

कोणीतरी तुम्हाला विचारेल, "हूज यॉर फादर?" दचकू नका. कोकणातलं "कुणाचा रे तू?" तेच हे. इथे मॅकडॉनल्ड इतके की नावाने माणूस सापडत नाही; बापाचं, आजाचं नाव किंवा टोपणनाव लावावं लागतं. मी बाबांचं नाव सांगते, मिरज सांगते, आणि तिथे सतारी बनतात हेही सांगते. पुढची पंधरा मिनिटं बोलायला विषय मिळतो.

रात्र, रस्ता, पोट

मुख्य कार्यक्रम संपल्यावर कलाकार जमतात तो फेस्टिव्हल क्लब. वर्षानुवर्षं हा सेंट अ‍ॅन्सच्या गेलिक कॉलेजात भरत आला आहे. त्या वर्षीचं ठिकाण पत्रिकेत बघून घ्या. रंग भरतो तो अकरानंतर. ठरलेलं काही नसतं, आयर्लंडची बासरी आणि इथला पियानो पहिल्यांदाच एकमेकांना भेटतात. जायचं तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा. नोव्हा स्कोशियात दारूसाठी वय १९, ओळखपत्र खिशात हवं. वाद्य घेऊन आला असाल तर पेटी उघडायची घाई नको. मागे बसा, ऐका. कोणी भुवई उंचावून बोलावलं की मग. तबलेवाल्यांना खास विनंती: जिथे वादकाचा पाय ठेका धरतोय, तिथे हळू हाताने.

परतीच्या रस्त्यावर हरणं आणि मूस येतात. मूस म्हणजे बैलाहून उंच जनावर, आणि रात्री ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. वेग कमी ठेवा, चालवणाऱ्याने क्लबात काही घेऊ नये. डोंगरात फोनची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि टाकी अर्धी झाली की भरा. गाडी नसेल तर हॅलिफॅक्सहून सिडनीला बस आहे, पण बहुतेक गावांत पोचायला बस नाही. विद्यार्थ्यांनी चौघांत एक गाडी घ्यावी. नाहीतर स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं; महोत्सव स्वयंसेवकांच्याच जिवावर उभा आहे, आणि दारावर तिकिटं फाडत असलात तरी गाणं आतून ऐकू येतंच.

थंडी पुण्याच्या जानेवारीची समजून येऊ नका, सोबत समुद्रावरचा वारा असतो. पावसाचं जाकीट हवंच.

जेवण हा शाकाहाऱ्यांचा कसोटीचा विषय. गावजेवणात टर्की, मासे, चाउडर म्हणजे माशांचं दाट सूप. हॉलवाल्यांना आधी फोन केला तर बटाटे, भाज्या, पाव यांची सोय प्रेमाने करतात. ओटकेक, म्हणजे ओटची बिस्किटं, दिसायला निरुपद्रवी, पण जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते, विचारून खा. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवते. चटणी एकदा मध्यंतरात फिरवली होती, डबा रिकामा परत आला.

नऊ दिवस संपले, पर्यटक गेले, पानं गळाली, तरी एखादा दिवस हाताशी असेल तर जुडीकच्या केल्टिक संगीत केंद्रात डोकवा. तिथे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. आणि शनिवार मिळाला तर रात्री वेस्ट माबूचा हॉल गाठा. तिथे कित्येक वर्षं शनिवारी नाच होत आला आहे, महोत्सव असो वा नसो. दारावर रोख पैसे द्यायचे, जाकीट खुंटीला लावायचं. बूट आठवतात ना, गुळगुळीत तळव्याचे.